डुकरांची पुडी

येसूबाई – ह्या पेजेत मीठ घातलंय, का नुसतं दाखवून परत डब्यात ठेवलंय?

रामजी – घातलंय, आई. तुझ्या तोंडाला चव न्हाय.

येसूबाई – त्या अलिबागच्या दवाखान्यातली पेज बरी व्हती म्हणायची पाळी आणलीस. बघ, दारात गाडी थांबली कुणाची तरी.

रामजी – जनावरांच्या डॉक्टर आल्या. या, भक्तीम्याडम. इथंच पडवीत बसा. आईला डुकरांची शेड डोळ्यांसमोर लागते, म्हणून खाट बाहेर काढलीय.

भक्ती – असू दे. आजी, घरी कधी आलात?

येसूबाई – मंगळवारी. लेक न्यायला आला, तर घेऊन जा म्हणाले. दिघीच्या फेरीबोटीत वारा लागला, तेवढं बरं वाटलं. आता बरी झाल्याशिवाय का कुणी सोडतं?

रामजी – म्याडम, रिपोर्ट आला का?

भक्ती – आला. मेलेल्या पिल्लाच्या फुप्फुसात जंतू सापडले. आणि तुम्ही खाण्यात कालवता ना, त्या पुडीनं ते आता मरत नाहीत.

रामजी – असं कसं? इतकी वर्षं त्याच पुडीनं खोकला थांबला की.

भक्ती – आणि थांबला की तुम्ही पुडी बंद करायचात.

रामजी – मग? बऱ्या जनावराला औषध कशाला घालायचं?

भक्ती – खोकला थांबायचा, जंतू मरायचे नाहीत. जे उरले ते पुडीला सरावले. बरं, घालायचात किती?

रामजी – मूठभर. अंदाजानं.

येसूबाई – मुठीला नावं ठेवू नको बाई. माझा सगळा संसार मुठीच्या मापानं झालाय.

भक्ती – भाताला चालते मूठ, आजी. औषधाला जनावराचं वजन बघावं लागतं. आणि सांगितलंय तितके दिवस द्यावं लागतं, तेही कुणीतरी जनावर तपासल्यावर.

येसूबाई – दुकानदार तपासायला येत न्हाय. पुडी तेवढी देतो.

रामजी – मग दुसरं काहीतरी भारी द्या.

भक्ती – आहे भारी. पण ते माणसांसाठी राखून ठेवायचं असतं. डुकरांना मी ते लिहून देणार नाही, दादा.

रामजी – मग मी करू तरी काय? ऐकताय ना तुम्ही?

(शेडमधून खोकल्याचा आवाज. आधी एकाचा, मग एकामागून एक बऱ्याच जणांचा.)

भक्ती – शेड रिकामी करायची. सगळी. खरवडून धुवायची, चुना मारायचा, उन्हात सुकू द्यायची. बाजूच्या त्या ताडपत्र्या आधी काढा, हवा खेळू दे, आत गेलं की मुताच्या वासानं डोळे झोंबतात. मग जिथं हा आजारच नाही, अशा ठिकाणची पिल्लं आणायची. ती मी बघून देते. पुन्हा पुडीचा डबा घरात नको.

येसूबाई – सगळी म्हंजे पुतळीसुदीक?

भक्ती – पुतळी कोण?

रामजी – ती कडेची मोठी मादी. तिची आय मेली तवा आईनं बाटलीनं दूध पाजून जगवली.

येसूबाई – ती एकदा पण खोकली न्हाय हो.

भक्ती – तोच घोटाळा आहे, आजी. ती वरून ठणठणीत, आणि दर वेताला पिल्लांना आजार तिच्याकडूनच जातो. एकटी तिला मागं ठेवली, तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

येसूबाई – तिला बिचारीला काय ठावं. आणि मला पण तिचाच लागला असंल का गं?

भक्ती – काय?

येसूबाई – खोकला. आमची दोघींची पुडी एकच. तिला आंबोणात, मला गुळाच्या खड्यात. चिमूटभर.

भक्ती – डुकरांची पुडी तुम्ही खायचात?

येसूबाई – त्यांचा थांबला, म्हणून मी घेतली. माझा पण थांबला. बोर्लीच्या दवाखान्यात जा, रांगेत बस, सुई टोचून घे, त्यापरीस डबा हाताशी हाय. पयल्यांदा ह्यानंच काढून दिली. रामजी, असा जमिनीकडं बघू नको. मी मागितली व्हती.

भक्ती – दादा, हे अलिबागच्या डॉक्टरांना सांगितलंत का?

रामजी – सांगितलं. उशिरानं.

येसूबाई – मग ते माणसांसाठी राखलेलं भारी औषध, ते मला दिलं असंल त्यांनी?

रामजी – आई, पेज निवतेय.

येसूबाई – निवू दे. हाताच्या शिरेतनं सोडत व्हते, हात बघ काळानिळा झालाय. तेच का गं ते?

भक्ती – आजी, मी जनावरांची डॉक्टर.

येसूबाई – मग मला जनावर समज आणि सांग.

भक्ती – तुमचे कागद मी बघितले नाहीत. दादांना माहीत असेल.

येसूबाई – त्याला इचारलं की तो पेज दाखवतो. रामजी, सकाळी नलूचा फोन आला व्हता ना? तू मागच्या दारी जाऊन बोललास तो.

रामजी – आला व्हता. मुंबईला सगळी बरी हायत.

येसूबाई – माझे कान अजून जाग्यावर हायत. आत्ता येऊ का, म्हणून इचारत व्हती माझी पोरगी. तू तिला मे महिन्यात ये म्हणालास.

रामजी – पोरांना सुट्टी लागेल. निवांत ऱ्हाईल.

येसूबाई – बाई, नवी पिल्लं तवर येतील?

भक्ती – येतील, आजी.

येसूबाई – म्हंजे मे महिन्यात सगळं भरलेलं असंल. शेड, घर. आणि ही खाट?

रामजी – आई, काय पण बोलतेस.

येसूबाई – इकडं बघून बोल. पुतळीचं ह्या बाईनं तोंडावर सांगितलं. मला वाईट वाटलं, पर कळलं तरी. तू माझा लेक हायस, आणि तुझ्याकडनं मला सगळं आडूनच कळायचं व्हय? पेज अळणी हाय ते मी सांगितलं का न्हाय तुला सरळ?

रामजी – सांगितलंस.

येसूबाई – मग सांग. नलूनं मे महिन्यात यायचं?

रामजी – न्हाय, आई. तुला आता कुठलंच औषध लागू पडत न्हाय, म्हणून घरी न्या म्हणाले. नलूला मी आजच ये म्हणून सांगतो.