मागचं झाकण

शालिकराम : आरसा थोडा खाली घ्या, वहिनी. हां, बस. आता दिसून राहिलं मले चित्र. हलवू नका.

जिजाबाई : हात भरून आला भाऊ. टीव्हीच्या मांगं बसून टीव्ही पाहाची ही कोनती रीत?

शालिकराम : आमच्या धंद्याची हेच रीत. हात मांगं, चित्र पुढं. आरसा नसला का मेकॅनिक आंधया. काल मी गेल्यावर किती वेळानं अंधार झाला म्हन्ता?

जिजाबाई : अर्ध्या तासानं. तुमी सांगून गेले ना का जोड पक्का केला, आता नाई जात. मी सैपाक आटोपून समोर बसली. बातम्याच्या पयले हरवलेल्या मानसाईचे फोटो दाखवते ना, थे सुरू झाले अन् झाला काया कुट्ट. आवाज सुरूच. बाई बोलून राहिली, ‘उमर उन्नीस साल, रंग साँवला’. अन् मी त्या काचेपाशी तोंड नेऊन पाहून राहिली.

शालिकराम : तुमच्या पोराचं, कवडूचंच होतं काय?

जिजाबाई : नाव ‘कल्लू’ का काय सांगतलं. आता दिल्लीवाल्याईले कवडू म्हनता येते काय? त्यायच्या नावाचा मले भरवसा नाई. म्हनून तर फोटो पाहाचा हाय. एक डाव पायला म्हन्जे समजन का दाखवला बा, आता कोनी तरी ओयखन.

शालिकराम : फोटो पाठवून किती दिवस झाले?

जिजाबाई : पोयाच्या सनाआधी, तीन महिने झाले. आमच्या यायनं पोलीस ठान्यातून कागद आनला, सारं लिहून पाठवलं. तवापासून रोज बसतो आमी दोघं. अन् तवापासूनच ह्या टीव्हीले ही बिमारी. माहं नशीब पाहा. पोरगा गेला तो गेला, त्याचा फोटो बी अंधारात जाऊन राहिला.

शालिकराम : नशिबाले सोल्डर नाई मारता येत, वहिनी. टीव्हीले येते. आरसा ठेवा आता खाली, हात आराम करू द्या. नाव कवडू काहून ठेवलं हो? आजकाल नाई ठेवत कोनी.

जिजाबाई : याच्या पयले दोन राहिले नाई. हा झाला तवा सुइणीच्या पदरात टाकला अन् एक कवडी देऊन तिच्यापासून इकत घेतला. इकत घेतलेलं लेकरू यम नेत नाई म्हन्ते. यमानं नाई नेला. बापाच्या चपलीनं गेला.

शालिकराम : आयकलं होतं मी. चौकात...

जिजाबाई : पानठेल्यापाशी. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी, दुसऱ्यांदा नापास. सारे उभे होते. पोरगा हात जोडे, बाबा घरी चाला, घरी मारा. मी नाई म्हनत का यायचा जीव नाई त्याच्यावर. तवापासून मानूस धड जेवत नाई. पन गेला ना भाऊ पोरगा. अंगावरच्या कपड्यानिशी गेला.

शालिकराम : वहिनी, किती वाजले?

जिजाबाई : साडेसहा. काहून?

शालिकराम : पाऊन तास झाला चालू करून. गेला नाई अंधारात. काल बी उघडा होता तवा दोन तास चालला, अन् झाकन लावून मी गेलो का गेला.

जिजाबाई : मंग?

शालिकराम : मंग काय. गधा हाओ मी. दोन दिवस मशीन चाटून राहिलो, अन् खोट मशीनमंदी नाईच. झाकनात हाय. त्या चिरा दिसते ना? त्यातून आतली गरम हवा बाहेर पडते. हवा कोंडली का अर्ध्या तासात मंदी भट्टी होते, ट्यूबचा जोड सुटते, चित्र जाते. थंडा झाला का पुन्हा बसते.

जिजाबाई : मी वर इनलेला रुमाल टाको, तो तर कालच काढला तुमच्या म्हनन्यावरून.

शालिकराम : रुमालानं एवढं नाई होत. तुमी चहा ठेवा, मी पाहतो. भितीकडं तोंड करून ठेवलं मी झाकन, आतून पायलंच नाई. उंदरानं घर केलं असन.

(जिजाबाई आत जातात. शालिकराम झाकण उलटं करतो. आतल्या बाजूला, बरोबर चिरांवर, चिकटपट्ट्या लावून एक खाकी लिफाफा बसवलेला आहे. तेवढ्यात कवडूचे वडील मनोहरराव बाहेरून येतात.)

मनोहरराव : हे काय, आज पुन्हा उघडला? अहो, काल दुरुस्त करून गेलात ना? मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो, अँटेनाचा दोष आहे. माकडं हलवतात.

शालिकराम : अँटेना असती तर आवाज बी बिघडला असता, मनोहरराव. चपला काढा अन् इकडं या. हळू बोला, वहिनी चुलीपाशी हाय.

मनोहरराव : तुमच्या हातात काय आहे?

शालिकराम : तुमी सांगा. झाकनाच्या चिराईवर चिकटवला होता, हवा कोंडून चित्र जाये. तिकीट लावलेलं. वर दिल्लीचा पत्ता, अक्षर मोत्यासारखं. पोस्टाचा शिक्का नाई. मंदी ठान्याचा कागद अन् एक फोटो. कवडू मनोहर, वय एकोनीस.

मनोहरराव : आत ठेवा तो. शालिकराम, मी पाया पडतो तुमच्या. चिरा सोडून लावा, पण आत ठेवा.

शालिकराम : लाज वाटते काय काही? बाई तीन महिने अंधाराले डोये लावून बसली. मले म्हन्ते, माहं नशीब. अन् तिचं नशीब तुमी चिकटपट्टीनं लावून ठेवलं!

मनोहरराव : चित्र जावं म्हणून नाही ठेवला. देवाशप्पथ. त्या चिरा हवेसाठी असतात हे मला काय माहीत? पेटी, कपाट, देवघर, सगळीकडे तिचा हात फिरतो. टीव्हीच्या मागं तेवढी जात नाही, शॉक लागेल म्हणून. म्हणून तिथं.

शालिकराम : पाठवला काहून नाई?

मनोहरराव : सगळं लिहिलं होतं मी. उंची, रंग, बुशकोट, उजव्या भुवईवरची खूण. एक रकाना राहिला. ‘घर सोडून जाण्याचे कारण.’

शालिकराम : नापास झाला, लिहा अन् मोकये व्हा.

मनोहरराव : लिहिलं. खोडलं. ठाण्यातून दुसरा कागद आणला. खोटं आहे ते. नापास तर तो मागच्या वर्षीही झाला होता, तेव्हा नव्हता गेला.

शालिकराम : मंग रिकामा सोडाचा होता.

मनोहरराव : बावीस वर्षं कचेरीत लोकांचे अर्ज तपासून राहिलो मी. एक रकाना कोरा दिसला की परत करतो. किती लोक रडले माझ्या टेबलापाशी, मी परत केले. आपलाच कागद अपुरा कसा पाठवू? म्हटलं, उद्या भरू. रोज म्हटलं उद्या.

शालिकराम : फाडून तरी टाकाचा.

मनोहरराव : त्यात त्याचा फोटो आहे. घरात तेवढा एकच होता. हे पहा, तिला सांगा ट्यूब गेली. मुंबईहून मागवावी लागेल, दोन महिने लागतील.

शालिकराम : हे नाई होनार माह्याच्यानं. चालू टीव्हीले बंद म्हनत नाई मी. झाकन लावून राहिलो. आता हवा खेयते, जोड नाई सुटत. आज तिले सारे फोटो दिसन. हा लिफाफा धरा तुमचा. पुढं तुमी अन् वहिनी.

जिजाबाई : घ्या भाऊ चहा. अवं माय, तुमी कवा आले? एवढे घामेजले काहून?

मनोहरराव : चालत आलो.

जिजाबाई : सापडलं काय भाऊ, काय होतं झाकनात?

शालिकराम : कागद. कागद अडकला होता चिराईवर. काढला. बसा आता समोर, मी बी बसतो. फोटो होतवर हालत नाई इथून.

जिजाबाई : या, तुमी बी बसा. उभे काहून?

शालिकराम : अर्धा तास झाला पाहा.

जिजाबाई : हो ना! झाला, अन् नाई गेला. लागले, लागले फोटो. ही म्हातारी... एवढ्या म्हातारपनी कुठं गेली असन बाई. ही पोरगी. सात वर्षाची, फिती बांधल्या पाहा कशा. हा... नाई, हा नाई. हा कल्लू, कालचा. हा आपला नव्हता तर. हे गृहस्थ चष्म्यावाले. संपलं काय?

शालिकराम : बातम्या लागल्या, वहिनी.

जिजाबाई : सारे साफ दिसले. पाच जन होते. आपला नव्हता.

मनोहरराव : हं.

जिजाबाई : पत्ता बरोबर लिहिला होता ना तुमी? पन तुमचं अक्षर तं चांगलं हाय. फोटोच खराब असन. मीच रोज पदरानं पुशी तो, पाठवाच्या आधी. तोंड पुसट झालं असन त्याचं. त्यायनं पाह्यला असन, म्हटलं असन हा दाखवून कोन ओयखते, अन् देल्ला असन टाकून. माह्याच हातानं झालं हे. माह्याच हातानं.

मनोहरराव : फोटोला काही झालं नाही. रडू नको. मी पाठवलाच नाही तो.

जिजाबाई : काय?

मनोहरराव : हा घे.

जिजाबाई : हा तं... कवडू. माहा कवडू. हा तुमच्या खिशात? भाऊ, हा यायच्या खिशात होता!

शालिकराम : झाकनात होता, वहिनी.

जिजाबाई : तीन महिने? मी समोर बसो अन् तुमी माह्या बाजूले बसा. फोटो संपले का तुमी म्हना, आज नाई, उद्या दाखवतील. तुमी म्हना! तुमाले माहीत होतं का उद्या बी नाई दाखवत!

मनोहरराव : एक रकाना भरायचा राहिला होता. रोज वाटे, भरला की पोस्टाच्या पेटीत टाकीन.

जिजाबाई : कोनता? दाखवा. वाचता येते मले. ‘घर सोडून जाण्याचे...’ एवढंच? साऱ्या चौकानं पायलं. पानवाल्यानं पायलं. आपली गल्ली तोंडानं बोलत नाई, पन माह्याकडं पाहून गप होते. अन् तुमाले एका कागदाची लाज वाटली?

मनोहरराव : लिहायला बसलो की हात चालत नाही.

जिजाबाई : त्या दिवशी बरा चालला.

शालिकराम : मी निघतो, वहिनी. पैशाचं पाहू मंग कधी.

जिजाबाई : थांबा भाऊ. तुमच्या खिशाले पेन हाय, थो ठेवा इथं. अन् टीव्ही बंद करून द्या. यायले लिहाचं हाय.