चुका नसलेलं पान

भाऊ : घर इथून जवळच आहे, चालत दहा मिनिटं. पण आधी इथंच बसू या जरा. चहा सांगितलाय. तुम्हाला काही सांगायचंय, ते घरी जायच्या आधी सांगायला हवं.

पाहुणी : दादा, पाच तास गाडीत बसूनच आलेय हो मी. ताई वाट बघत असतील ना?

भाऊ : बघतेय. तिनंच मला स्टँडवर पाठवलंय. म्हणाली, माझ्या तोंडून निघायचं नाही, तूच सांग. आणि ऐकून त्यांना परत फिरावंसं वाटलं, तर परतीच्या गाडीत नीट जागा बघून बसवून दे.

पाहुणी : सांगा मग.

भाऊ : चिमी गेली. माझी भाची. आमच्या वेबसाइटवर पानापानांत जी आहे, ती. सोळा महिने झाले.

पाहुणी : गळ्यातल्या नळीमुळं?

भाऊ : नाही. नळीचा काही दोष नव्हता आणि ताईचाही नव्हता. ताप आला, छातीत उतरला, तीन दिवस हॉस्पिटलात होती. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले, ते ताईकडे बघेनातच. मी समजलो. शाळा सुरू व्हायला नऊ दिवस उरले होते.

पाहुणी : शाळा सुरू व्हायला.

भाऊ : हो. चहा घ्या, गार होतोय.

पाहुणी : घेते. तुम्ही पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही.

भाऊ : पहिल्यापासून म्हणजे... चिमी दोन वर्षांची होती तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवली. श्वास त्यातूनच. घरी सोडताना ताईच्या हातात कफ ओढायचं मशीन दिलं, एक कागद दिला, आणि झालं. चिमीचे वडील त्याआधीच घर सोडून गेले होते. ताई कपडे बेतते, शिवते. तिची मापांची वही होती, त्यातच ती लिहायला लागली. एका ओळीत कुणाच्या तरी ब्लाउजची छाती-कंबर, आणि त्याखाली, चिमी आज किती वेळा खोकली, मी काय केलं, काय चुकलं. मी छापखान्यात अक्षरजुळणी करायचो, आता तेच काम कॉम्प्युटरवर. म्हटलं, ताई, हे नेटवर टाकू. असतील आणखी चार घरं अशी. पहिल्या वर्षी चाळीस माणसांनी पाहिलं असेल. त्यात पंधरा वेळा मीच.

पाहुणी : आमच्या इथल्या वॉर्डातल्या सिस्टर आता घरी सोडायच्या कागदावर पत्ता लिहून देतात. हातानं. म्हणतात, बाकी कुठं बघू नका, हे वाचा.

भाऊ : तेच मला कधी उमगलं नाही. मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या साइट्स आहेत, चित्रं आहेत, व्हिडिओ आहेत. माणसं आमच्याकडं का येतात?

पाहुणी : मी सांगू? मी पोस्टात टपाल लावते. दिवसभर दुसऱ्यांचे पत्ते वाचते. कुठलं पत्र मनापासून लिहिलंय ते पाकिटावरून कळतं मला, हसू नका. माझ्या ठकीला नळी बसवली तेव्हा मी सगळं वाचून काढलं होतं. जो तो सांगत होता, असं करा, बरोबर होईल. आणि तुमच्या ताईंच्या पहिल्या पानावर पहिलंच वाक्य, ‘आज मी पट्टी सैल बांधली आणि नळी निसटता निसटता राहिली.’ आदल्या दिवशी माझ्याकडून तेच झालं होतं. कुणाला बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही. ते वाचलं आणि मोरीत जाऊन रडले.

भाऊ : ती तशीच आहे. एका कंपनीनं नवं मशीन वापरायला पाठवलं होतं. तीन आठवडे वापरलं आणि लिहून टाकलं, आवाजानं मूल दचकतं, घेऊ नका. पुन्हा कुणी काही पाठवलं नाही. जे स्वतः केलं नाही ते लिहायचं नाही. जे कळत नाही तिथं ‘मला माहीत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा’. आणि प्रत्येक पान आधी आमच्या डॉक्टरांना दाखवायचं. त्यांनी खोडलं की खोडलं.

पाहुणी : शाळेचं पान सोडून.

भाऊ : ...तुमच्या लक्षात आलं होतं?

पाहुणी : त्या पानाखाली डॉक्टरांचं नाव नाही.

भाऊ : कसं असेल? शेवटपर्यंत चिमीच्या उशाशी होते ते. त्यांना काय दाखवणार? चिमी गेल्यावर ताई दोन आठवडे भिंतीकडं तोंड करून पडून होती. मग एका बापाचा मेल आला, त्याच्या मुलाची नळी बदलताना अडत होती. ताई उठली आणि उत्तर लिहिलं. सगळं नीट झालं. त्यानं आभार मानले आणि शेवटी लिहिलं, चिमीचा आमच्यातर्फे एक पापा घ्या. ताई तासभर त्या ओळीकडं बघत बसली. मग तिनं लिहिलं, ‘घेते.’ झालं. एकदा लिहिल्यावर पुढच्या माणसाला वेगळं काय सांगणार? आणि मग चार दिवस बसून तिनं ते पान लिहिलं. चिमीचा शाळेतला पहिला दिवस. दप्तर शिवून तयार होतं, बाईंना मशीन शिकवून झालं होतं, सगळी तयारी खरीच होती. फक्त पोर नव्हती. ते पान साइटवर चढवलं मी. मला कळत होतं हे बरोबर नाही. म्हटलं, एक दिवस तरी जाऊ दे तिला शाळेत.

पाहुणी : दादा, तुम्हाला वाटतं मी चिमीला बघायला आले?

भाऊ : तुम्ही लिहिलं होतं, भेटायचंय.

पाहुणी : ताईंना. चिमीचं नाव मी काढलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत ते मला खात्रीनं माहीत नव्हतं, पण मनात आलं होतं. ते पान वाचून मी ठकीला शाळेत घातलं. चार महिने झाले. नाहीतर धीरच झाला नसता. पानात लिहिलंय, जादाची नळी आणि मशीन दप्तरात ठेवा. ठेवलं. तिसऱ्या दिवशी वर्गात तिचा श्वास अडला. दप्तरं सगळी बाहेर व्हरांड्यात टांगलेली. शाळेत तसंच असतं. बाई धावल्या, चाळीस दप्तरांतून आमचं शोधलं.

भाऊ : देवा. आणि ठकी?

पाहुणी : बरी आहे. आज शाळेतच आहे. पण ओठ निळे झाले होते, बाई सांगत होत्या.

भाऊ : माझ्यामुळं. मी चढवलं ते.

पाहुणी : मी आठवडाभर चिडून होते. मग पान पुन्हा वाचलं. ताईंच्या प्रत्येक पानावर काहीतरी चुकलेलं असतं. या पानावर एकही चूक नाही. सगळं कसं छान. चिमी खरंच शाळेत गेली असती तर पहिली ओळ दप्तराचीच असती. तेव्हा शंका आली. मेलवर विचारवेना, म्हणून आले.

भाऊ : माझं एक ऐका. हे व्हरांड्याचं तिला सांगू नका. पान मी आज साइटवरून उतरवतो. तिला म्हणेन, काहीतरी बिघाड झाला. ती कशीबशी उभी आहे हो.

पाहुणी : ज्यांनी पान आधीच लिहून घेतलंय, त्यांचं काय? माझ्याकडूनच तीन आयांनी घेतलंय. त्यांना ‘चुकलं’ असं ताईंनीच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाचं त्या ऐकायच्या नाहीत.

भाऊ : ती मोडून पडेल.

पाहुणी : पडतील. मी आहे ना तिथं. चला, उठा.

(ताईचं घर. शिवणाच्या मशीनशेजारी कॉम्प्युटर. पाहुणीनं दप्तराची हकीकत सांगून संपवली आहे.)

ताई : किती वेळ लागला बाईंना?

पाहुणी : दीड मिनिट असेल.

ताई : दीड मिनिट फार होतं.

भाऊ : ताई, त्या रागावलेल्या नाहीत.

ताई : तू थांब जरा. मशीन आता कुठं ठेवता?

पाहुणी : बाईंच्या टेबलावर, उघडं. आणि ठकी पहिल्या बाकावर, दाराजवळ नाही, टेबलाजवळ.

ताई : हे मला सुचलं नाही. रोज रात्री तिला मनातल्या मनात शाळेत पोचवायचे मी. फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. वर्गात कधी गेलेच नाही.

पाहुणी : ताई...

ताई : तुमची मुलगी दगावली असती. माझ्या शब्दावर.

पाहुणी : तुमच्या शब्दावर ती चार वर्षं जगलीय. तेही धरा.

ताई : असं एकात एक वजा होत नाही हो.

पाहुणी : नाही होत.

ताई : भाऊ, ते पान काढ समोर. उतरवू नकोस. वर लिहायला जागा कर.

भाऊ : मी सांगतो तसं लिहू? थोडं सौम्य...

ताई : नको. मी लिहिते. ‘हे पान खोटं आहे. चिमी शाळेत गेली नाही. त्याआधीच ती...’

भाऊ : ताई, दे इकडे.

ताई : हात काढ. हा शब्द मी कुठंच लिहिला नाहीये अजून. थोडा वेळ लागेल.

पाहुणी : लागू दे. मी बसलेय.