रुमालाखालचा सौदा

मी अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, पण भाजीवालीशी घासाघीस करायची कधी हिंमत झाली नाही. एक्क्याऐंशी साली परदेशांशी व्यापार शिकायला सहा आठवडे जर्मनीला गेलो. शेवटच्या परीक्षेत एका जपानी सोबत्याशी सौदा ठरवायचा होता. माझं तोंडच उघडेना. नापास होणार या भीतीनं मी पवनीच्या बैलबाजारातल्यासारखा आमच्या दोघांच्या हातांवर रुमाल टाकला आणि खाली त्याची बोटं दाबून भाव सांगितला. तो दचकला, पण त्यानं मान डोलावली. सरांनी टाळ्या वाजवून पास केलं.

घरी येऊन मेव्हण्याला हे ऐकवलं. तो बैलांचा दलाल.

"भाऊजी, त्या जपान्याले आपले बोटं समजले काय?"

"कोणास ठाऊक!"

"अन् तुमाले तरी?"