पाहुण्यासाठी जमवलेलं दूध

सभेचे अध्यक्ष चीफ गल्गालो, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते जिल्ह्याचे दुष्काळ अधिकारी मुतुआ साहेब, व्यासपीठावरचे वडीलधारे, आणि बाभळीच्या अपुऱ्या सावलीत एकमेकींना चिकटून बसलेल्या माझ्या बायांनो,

साहेबांबद्दल चार शब्द चांगले बोल, असं चीफनी मला बजावलं आहे. बोलते. साहेब चार वर्षं या जिल्ह्यात होते. त्यांनी कधी आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. आमच्या गावात ते एकदाच आले, पण प्रत्येक म्हातारीशी हात मिळवून गेले.

त्या एका दिवसाबद्दल मात्र मला बोलू द्या. दवाखान्याची नर्स म्हणून दुष्काळ पाहणीची तयारी माझ्याकडे होती. पाऊस चुकल्याचं ते तिसरं वर्ष. निम्मे उंट मेलेले, उरलेले दूर डोंगराकडे नेलेले. मी म्हटलं, साहेबांना कोरा चहा देऊ. अधो आजी खवळली. "पाहुण्याला कोरा चहा? अगं, तू शिकलीस की बिघडलीस?" भांडं घेऊन ती सात घरं फिरली. कुठे अर्धी वाटी, कुठे नुसतं तळाचं. सातवं घर दाबोचं. तिच्या दोन वर्षांच्या मुलीसाठी मीच राखून ठेवायला लावलेलं ते दूध. दाबोने काही न बोलता ओतलं. मीही बोलले नाही. का नाही बोलले? वर्षभर स्वतःला हेच विचारते आहे.

साहेब, आपण दोन कप घेतलेत. "वा, दूध आहे की तुमच्याकडे!" म्हणालात. आजी दिवसभर मिरवत होती, "दोन घेतले हो, दोन!"

पुढच्या महिन्यात धान्य आणि टँकर मिळणाऱ्या गावांची यादी लागली. आमचं नाव नव्हतं. वगळलेल्या गावांत आमच्यापुढे शेरा होता, 'दूध उपलब्ध'. मी तो मोठ्याने वाचला. आजीने तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला त्याला दगड उकळून वाढू."

हसू नका. साहेब, आपणही हसू नका. सात घरांचं मिळून दोन कप होतं, त्याला उपलब्ध म्हणतात? एका तरी झोपडीत वाकून पाहिलं असतंत! मी अकरा पत्रं लिहिली. प्रत्येकाला उत्तर आलं, 'फेरपाहणी करू', खाली 'आपला नम्र'. इतक्या नम्रपणे माणसं उपाशी ठेवता येतात, हे मला आधी ठाऊक नव्हतं. दाबोची मुलगी समोर आईच्या मांडीवर आहे. तिचा दंड मोजणारी माझी पट्टी सहा महिने लालवरून, म्हणजे उपासमारीच्या खुणेवरून, हललेली नाही.

आता भेट. हे दुधाचं भांडं आजीने झाडाची मुळं विणून केलं, दूध टिकावं म्हणून आतून निखाऱ्यांनी धुरावलं. आमच्यात ते पाहुण्याला रिकामं देत नाहीत. या वेळी मात्र कुणी घरोघर फिरलं नाही. आत यादीच्या दुरुस्तीचा अर्ज आहे. चीफची सही झाली, आपली राहिली. आपला शिक्का आज संध्याकाळपर्यंतच चालेल. नवे साहेब कधी येतील, कुणालाच माहीत नाही.

आपण सगळे उन्हातून आलात, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. चहा कोरा आहे, त्याची मात्र माफी मागत नाही. साहेब, झाकण उघडा. पेन दाबोच्या हातात आहे.