दोन देशांची आवक

(डोंबिवली. दुपार. नात सान्वी शाळेत गेली आहे. जेवणाच्या टेबलाशी सासू-सून, मध्ये इंग्रजीच्या परीक्षेचं सराव-पुस्तक, त्यात दोन रेघांचा आलेख, शेजारी दर्शनाने त्यावर लिहिलेलं उत्तर.)

शालन : पण माल कसला?

दर्शना : आई, ते दिलेलंच नाहीये. नुसती आयात. पोर्तुगाल आणि स्वीडन, पंचवीस वर्षांची.

शालन : अगं, कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. माल कसला ते न लिहिता आवक दाखवली असती, तर साहेबाने रजिस्टर माझ्या डोक्यात घातलं असतं.

दर्शना : इथे साहेब नाही, एक्झामिनर आहे. आणि आकडे पण खोटेच आहेत, प्रॅक्टिससाठी.

शालन : म्हणजे खोट्या मालाची खोटी आवक, आणि त्यावर माझी सून रविवारी तिसऱ्यांदा परीक्षा देणार. धन्य! ही वर चढलेली रेघ कोणाची?

दर्शना : स्वीडनची. आधी खाली होती, मग पोर्तुगालच्या पुढे गेली.

शालन : आणि पोर्तुगालच्या घरी काय झालं? आजारपण निघालं का कोणाचं?

दर्शना : कारण नाही लिहायचं हो! दिसतं तेवढंच लिहायचं. वीस मिनिटं, दीडशे शब्द. कारणं सांगत बसलं की मार्क जातात.

शालन : बाई गं! कारण न विचारता नुसतं बघत बसायचं? या जन्मी नाही जमायचं मला.

दर्शना : माहितीये. अख्ख्या बिल्डिंगला माहितीये.

शालन : वात्रट! किती मिनिटांत लिहिलंस हे?

दर्शना : सोळा.

शालन : एवढं छान येतं की तुला. मग दोनदा गाडी अडली कुठे?

दर्शना : होतं असं. टेन्शन येतं.

शालन : वॉर्डात एकटी तीस-तीस पेशंट बघतेस, तेव्हा नाही येत टेन्शन? माझ्याकडे बघून बोल.

दर्शना : तुमच्या लेकाला सांगणार नसाल तर सांगते.

शालन : माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीत आहे. पण हे ठेवीन पोटात.

दर्शना : दोन्ही वेळा अर्धं लिहून पेन खाली ठेवलं मी. मुद्दाम. पास झाले की आयर्लंडच्या हॉस्पिटलचं बोलावणं येणार. सान्वीला इथे ठेवून जायचं, वर्षभर तरी. ती मला विसरली तर, आई?

शालन : मला नोकरी लागली तेव्हा सिद्धेश दोन वर्षांचा होता. जुन्नरला आईकडे ठेवला. पहिल्या सुट्टीत गेले, तर मला मावशी म्हणाला.

दर्शना : आई गं!

शालन : संध्याकाळी मांडीवरून उतरेना. परत येताना कल्याणपर्यंत रडले मी एसटीत. कंडक्टर म्हणतो, ताई, तिकीट हरवलं का?

दर्शना : काय हो तुम्ही! हसवता आणि रडवता. तरी गेलात कामाला?

शालन : दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. पण ते माझं मी ठरवलं होतं. तू गेलीस तर सान्वीला मी सांभाळते. नाही गेलीस तर मला बरंच आहे, आयता चहा मिळेल. पण आधी पास हो, आणि मग सांग सगळ्यांना, मी जाते किंवा मी जात नाही. असं नापास होऊन घरात राहू नकोस.

दर्शना : सिद्धेश चिडेल, नाही म्हटलं तर.

शालन : त्याला मी बघते.

दर्शना : मग वीस मिनिटं लावा घड्याळात. अजून एक लिहिते.