मुंग्यांनी लावलेली ड्युटी

जावई : ...एकट्या मुंगीला अक्कल नसते, बाबा, हीच तर गंमत. अक्कल येते ती सगळ्या मिळून.

सासरे : आमच्या आगारात बरोबर उलटं. एकेकटा गाठला तर बृहस्पती, मीटिंगला बसले की सगळ्यांची मिळून एक म्हैस.

जावई : ऐका तर. कॉम्प्युटरमध्ये हजार मुंग्या सोडायच्या. खऱ्या नव्हेत.

सासूबाई : बरं झालं सांगितलंत. मी पावडर आणायला उठले होते.

जावई : आई, बसा तुम्ही. तर प्रत्येक मुंगी आपलं एक वेळापत्रक रचते. कुठली बस, कुठला ड्रायव्हर, कुठली वेळ. ते जमलं तर आल्या वाटेवर वास टाकून जाते. पुढची मुंगी त्या वासामागे जाते, जाताना वाट जरा इकडेतिकडे करून बघते. भिकार वाटेचा वास आपोआप उडून जातो. चाळीस मिनिटांत लाखभर वेळापत्रकं होतात, आणि शेवटी सगळ्या एकाच वाटेवर रांगेत.

सासरे : एकतीस वर्षं मी ड्युट्या लावल्या. आठवड्याला एक पेन्सिल, दोन खोडरबर. मला कुणी हुंगलं नाही.

सासूबाई : मी हुंगायचे. तंबाखूचा वास यायचा.

सासरे : ऐकलंत? निवृत्तीनंतरही चौकशी चालू. बरं जावईबापू, खऱ्या मुंगीला साखर लागते. तुमच्या मुंग्यांची साखर कसली?

जावई : अगदी मुद्द्याचं विचारलंत. साखर म्हणजे गुण. रिकामी धाव कमी झाली, गुण. गाडी वेळेत सुटली, गुण. नियम मोडला की गुण वजा. आणि नियम सगळे तुमचेच. चार रविवार बसून तुम्ही सांगितलेले एकेचाळीस. एकही गाळला नाही.

सासरे : एकेचाळीस. हं.

जावई : आगाराचे साहेब खूश आहेत. म्हणाले, मास्तरांचं डोकं काढून घेतलंत तुम्ही, आता मास्तर नसले तरी चालेल.

सासूबाई : हे ते गेल्या महिन्यात, निरोपसमारंभातच म्हणाले होते. हार घालता घालता.

जावई : हा बघा पहिला कागद. आजपासून लागू. तुम्हाला दाखवायचा म्हणून कामावर जाण्याआधी मुद्दाम आलो. वाचा, आणि चूक काढून दाखवा.

सासरे : जावयाची चूक काढायची नसते. तेवढं वळण आहे आम्हाला.

(सासरे चष्मा पुसतात, कागद खिडकीशी धरतात आणि ओळीवरून बोट फिरवत वाचतात. बोट मध्येच एका ओळीवर थांबतं आणि तिथून हलत नाही.)

सासूबाई : काय झालं? अक्षर बारीक आहे का?

सासरे : नाही. अक्षर चांगलं आहे. जावईबापू, घाटाची सकाळची फेरी. चारशे सोळा.

जावई : हो! तुम्हाला आनंद होईल म्हणून आधी सांगितलं नाही. मामांना बढतीच म्हणा ना. घाट म्हणजे मानाची फेरी.

सासूबाई : चारशे सोळा? आमच्या भाऊचा बिल्ला?

जावई : तोच. आणि वशिला नाही हं, आई. मी नाव बघितलंसुद्धा नव्हतं. तुमचा सदतिसावा नियम आहे ना बाबा, ज्याच्या नावावर डाग नाही त्यालाच अवघड वाट. मुंग्यांनी अख्खं आगार पालथं घातलं. एकोणीस वर्षांत एक अपघात नाही, एक तक्रार नाही, आरशाला ओरखडा नाही असा एकच माणूस, मामा. सगळा वास तिकडेच गेला.

सासरे : आणि रेडा कुठाय?

जावई : कोण?

सासरे : तीनशे दोन. पंधरा वर्षं घाट तोच चालवायचा. प्रवाशांशी भांडतो, म्हशीला कट मारतो, साहेबांना शिव्या देतो.

जावई : त्याच्या तर एकतीस तक्रारी! त्याला बाजार ते स्टेशन दिलंय. सपाटीला.

सासूबाई : अहो, ती फेरी भाऊची. तुम्ही त्याला दुसरी कुठली देतच नव्हतात.

सासरे : घाटाची गाडी किती वाजता?

जावई : तुमच्या वेळी सात पंचवीसला सुटायची. मुंग्यांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणली. पुढची जोडफेरी जुळते.

सासरे : आत्ता किती वाजले?

जावई : सात सतरा. का?

सासूबाई : सुटली म्हणजे.

सासरे : अगं, तू शांत राहा. ऊन पडलंय का बाहेर?

सासूबाई : लख्ख.

जावई : बाबा, मला काही कळत नाहीये. ऊन काय, रेडा काय?

सासरे : भाऊला फोन लाव.

जावई : फोन पेटीत असणार. गाडीवर चढताना चालक-वाहक दोघांचे फोन पेटीत. नियम सतरा, तुमचाच.

सासरे : माझाच. फार चांगला नियम आहे.

सासूबाई : तुम्ही सांगता की मी सांगू?

सासरे : सांगतो. त्याचं असं आहे, की उन्हाची तिरीप झाडांमधून लुकलुकायला लागली, की तो जातो.

जावई : जातो म्हणजे? कुठे?

सासूबाई : कुठेच नाही. डोळे उघडे, हात हँडलवर, आणि माणूस घरी नाही. चार आकडे मोजेपर्यंत. मग परत येतो, आणि त्याला वाटतं आपण इथेच होतो. लहानपणी सायकलवरून दोनदा कालव्यात गेला. आमच्या आईने कुणाला बोलू दिलं नाही.

जावई : अहो पण दरवर्षी तपासणी होते! डोळे, रक्तदाब...

सासरे : अक्षरं फाडफाड वाचतो. दवाखान्यात झाडं लावत नाहीत.

जावई : आणि तुम्हाला हे माहीत होतं.

सासरे : नोकरीला लागल्याच्या तिसऱ्या दिवसापासून. म्हणून बाजार ते स्टेशन. त्या रस्त्यावर एक झाड नाही. सगळी तोडून झाली आहेत. एकोणीस वर्षं मी तोडणाऱ्यांचे आभार मानतोय.

जावई : बेचाळिसावा नियम.

सासरे : तो लिहायचा नव्हता. लिहिला असता तर त्याची नोकरी गेली असती. चार रविवारांत दोनदा ओठांवर आला होता. तुम्ही म्हणालात, अजून काही? मी म्हणालो, अजून एक कप चहा.

जावई : घाटात झाडं...

सासरे : पायथ्याच्या थांब्यानंतर लागतात. डाव्या हाताला, एका रांगेत, तेहतीस वळणं. सकाळचं ऊन डावीकडूनच येतं. पायथ्याला किती वाजता?

जावई : सात पस्तीस. थांबा, कंट्रोलला लावतो. ...हॅलो, मी वेळापत्रकवाला. घाटाची गाडी पायथ्याला थांबवा. ...हो, मीच. ...तोंडी का नाही? ...बरं. बरं. ...बाबा, ते म्हणतात नवीन पद्धतीत तोंडी हुकूम चालत नाही. स्क्रीनवरून पाठवायचा, कारण नोंदवून. त्याशिवाय चालकाला संदेश जातच नाही.

सासरे : ही पद्धत कुणी बसवली?

जावई : मी.

सासरे : छान बसली आहे. मग नोंदव की! गाडी बिघडली म्हणून नोंदव.

जावई : गाडीला सेन्सर आहेत. ती स्वतः कळवते, मी ठणठणीत आहे. जुळलं नाही की हुकूम अडतो.

सासरे : गाडीसुद्धा चहाडखोर निघाली. रस्ता बंद?

जावई : पोलिसांचा नंबर मागते. तिसरं कारण चालक, वैद्यकीय. ते लगेच जातं. पण एकदा दाबलं की पुसता येत नाही. सरळ वैद्यकीय मंडळाकडे. मामा परत कधी गाडीवर...

सासरे : निवृत्तीला चौदा महिने राहिलेत त्याच्या. फक्त चौदा महिने. मनात येतं, एखाद्या दिवशी काहीच होत नाही. ढगही येतात.

जावई : सात चोवीस, बाबा.

सासूबाई : गाडीत माणसं किती आहेत?

जावई : सत्तेचाळीस तिकिटं फाटलीत.

सासूबाई : लिहा.

सासरे : अगं, तुझा सख्खा भाऊ. तूच पाया पडली होतीस माझ्या, त्याला लावून घ्या म्हणून.

सासूबाई : पडले होते. त्याला नोकरी लावा म्हणाले होते, सत्तेचाळीस जणांच्या जिवाला लावा असं नाही म्हणाले. जावईबापू, लिहा तुम्ही. ह्यांच्या तोंडाकडे बघू नका.

जावई : माहिती देणाऱ्याचं नाव विचारतंय. आणि केव्हापासून माहीत.

सासरे : माझं लिही. पूर्ण नाव लिही, मास्तर नको. आणि एकोणीस वर्षं.

जावई : बाबा, तुमच्यावरही...

सासरे : अरे, लिही म्हणतो ना! जावई झालास म्हणून काय पाय धरू तुझे?

जावई : पाठवलं. हा ठिपका बघा. ही त्यांची गाडी.

सासूबाई : हलतोय अजून.

जावई : थांबा यायचाय. आला. ...पुढे चाललाय.

सासरे : थांब्याच्या पुढे वडाखाली लावतात. तिथे सावली असते. जाऊ दे थोडा.

सासूबाई : किती थोडा?

जावई : थांबला.

सासूबाई : नीट बघा.

जावई : थांबला, आई. इंजिन बंद दाखवतंय. हा कंट्रोलचाच फोन. ...हॅलो. ...हो. ...वाद घातला का? ...अच्छा. ठेवतो. ...आई, मामा मुकाट्याने उतरले. पायरीवर बसलेत. एवढंच विचारलं, ताईने सांगितलं का.



सासरे : चहा ठेव थोडा.

सासूबाई : तुम्ही ठेवा आज.

जावई : सत्तेचाळीस माणसं खोळंबली आहेत. बदली ड्रायव्हर लागेल. मुंग्यांना विचारतो, आता मिनिटभरात सांगतील. ...हे घ्या. दोनशे आठ. जवळच आहे, आणि रेकॉर्ड असं, की नुसतं बघत राहावं.

सासरे : नको.

जावई : का? सतरा वर्षं एक डाग नाही.

सासरे : उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही त्याच्या. म्हणून त्याला मी एकेरी रस्त्याच्या फेऱ्या द्यायचो. उजवीकडून काही येतच नाही. दुसरा बघ.

जावई : पंच्याण्णव.

सासरे : त्याची बायको गेल्यापासून तो झोपेच्या गोळ्या घेतो. दुपारी बारापर्यंत त्याला हाक मारली तर दोनदा मारावी लागते. त्याला दुपारपाळी.

जावई : बाबा.

सासरे : बोल.

जावई : यांची रेकॉर्डं स्वच्छ का आहेत, हे मला आत्ता कळतंय.

सासरे : स्वच्छ असणारच. सपाटीवर कोण पडतो? धड माणसांना मी घाट दिला, धरणाचा रस्ता दिला, त्यांना धक्के बसले, ओरखडे आले, तक्रारी झाल्या. आणि ज्यांचं काही ना काही होतं त्यांना सांभाळून घेतलं.

जावई : आणि मी मुंग्यांना सांगितलं, डाग नसलेला शोधा. म्हणजे ज्याला ज्याला तुम्ही लपवलंत...

सासरे : त्याला त्याला त्या बरोबर हुडकून काढतायत. हुशार जात.

सासूबाई : रेड्याला बोलवा म्हणावं घाटावर. शिव्या देऊ दे.

जावई : बोलावतो. घाटाचा प्रश्न सुटेल, आई. पण कागदाला दुसरं पान आहे. धरणाचा रस्ता. नदीचा अरुंद पूल. शाळेच्या चार गाड्या. सगळीकडे डाग नसलेलीच माणसं बसवलीत.

सासरे : आण इकडे. ...हं. ...हं.

सासूबाई : नुसतं हं काय करताय? गाड्या सुटल्यात का त्या?

जावई : सात वाजायच्या आत. सगळ्या वेळेवर. साहेबांचा मेसेजही आलाय, अभिनंदनाचा.

सासूबाई : जावईबापू, कागद-पेन घ्या. ह्यांच्याकडून एकेक नाव काढून घ्या. कुणाला काय होतंय, सगळं.

जावई : घेतला. हा पाठकोरा चालेल. सांगा बाबा, पहिलं नाव?

सासरे : याच्यावर मावणार नाही. मोठा कागद घे.