तारीख बदलल्याचा मेसेज

मावशी: नाही गं, अलीकडची नको. पुढची. जितकी लांबची मिळेल तितकी.

तिकीटवाली: पुढची? जावयाच्या घरचा मुक्काम वाढवणारी सासू मी पहिल्यांदाच बघतेय. बाकी सगळ्यांना आधी पळायचं असतं. करमत नाही, गुडघे दुखतात, घरची झाडं वाळली असतील.

मावशी: करमत मलाही नाही. पण होईल ना बदलून? उद्या दुपारचंच विमान आहे.

तिकीटवाली: होईल. परतीची तारीख बदलता येते या तिकिटाची, थोडा फरक भरावा लागेल. पुढच्या महिन्याच्या अखेरीला एक जागा दिसतेय. धरू?

मावशी: धर. पैसे आणलेत मी.

तिकीटवाली: धरली. पण अशी फार वेळ राहत नाही ती. पक्की केली की लगेच मेसेज येईल तुम्हाला. तिकिटावरचा हा नंबर तुमचाच ना?

मावशी: बघू. नाही, हा जावयांचा. तिकीट त्यांनीच काढलं. मी म्हटलं होतं, माझा नंबर घाला. तर म्हणाले, तुमच्या डोक्याला कशाला ताप, मी बघतो सगळं. तेव्हा किती बरं वाटलं होतं मला. तो मेसेज तू नाही पाठवलास तर?

तिकीटवाली: मी कुठे पाठवते? तो आपोआप जातो.

मावशी: मग आधी नंबर बदल.

तिकीटवाली: तरी जुन्या नंबरावर कळवतातच, नंबर बदललाय म्हणून. मावशी, पाणी घ्या आधी. जावयांना कळलं तर काय होईल?

मावशी: माझ्याशी फार गोड वागतात ते. खुर्ची पुढे करतात, चहाला थांबतात. पण परवा लेकीच्या हातून ताट निसटलं. फुटलंबिटलं नाही, नुसता आवाज झाला. तर ती ना ताटाकडे बघे, ना माझ्याकडे. कडेवर बाळ, आणि श्वास रोखून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत उभी राहिली.

तिकीटवाली: विचारलंत तिला?

मावशी: रोज विचारते. पडले म्हणते, धडकले म्हणते. धडकून दंडावर बोटं उमटतात का गं कुणाची? काल वेणी घालत होते, तर एवढंच म्हणाली, तू आहेस तोवर बरं चाललंय. आणि आज सकाळी त्यांनी माझी बॅग स्वतः भरली, वजन केलं, दाराशी नेऊन ठेवली. पासपोर्ट हातात दिला आणि हसून म्हणाले, उद्यापासून आम्ही तिघंच.

तिकीटवाली: तुम्ही इथे आलात हे लेकीला ठाऊक आहे?

मावशी: दूध आणते म्हणून निघालेय. तिला विचारलं असतं तर नकोच म्हणाली असती. भीती मुरलीय तिच्या अंगात. आता माझ्याही मुरायला लागली. जिन्यात पावलं वाजली की देवाचं नाव ओठांवर येत नाही गं. जन्मभर घेत आलेय ते, आणि ऐन वेळी येत नाही.

तिकीटवाली: मग मी काय करू, सांगा.

मावशी: मेसेज गेला की ते कामावरून घरी फोन करतील आणि तो ती एकटी उचलेल. तेवढं नको. तू आत्ता काही पक्कं करू नकोस. आमच्या खालच्या मजल्यावर एक नर्स राहते. आजवर जिन्यात नुसती हसलेय तिच्याकडे. आज तिचं दार वाजवते. लेकीला, बाळाला तिच्याकडे नेऊन बसवते आणि तुला फोन करते. मग कर.

तिकीटवाली: आणि तोवर जागा सुटली तर?

मावशी: सुटेल का गं?

तिकीटवाली: नाही सुटू द्यायची मी. सुटायला आली की पुन्हा धरीन. साहेबांनी विचारलं तर सांगेन, मशीन अडलंय. ते असंही रोज अडतं. तुम्ही बसच्या नादाला लागू नका, टॅक्सी करा. आणि नर्स घरी नसली तर?

मावशी: तर दोघांना घेऊन इथेच येते. तुझं बाकडं रिकामंच आहे.

(थोड्या वेळाने, फोनवर.)

तिकीटवाली: हॅलो, मावशी? पोचलात?

लेक: मी... मी त्यांची मुलगी बोलतेय.

तिकीटवाली: मावशी कुठायत? बऱ्या आहेत ना?

लेक: इथेच आहे आई. आम्ही खालच्या नर्सताईंकडे आलोय. आईनं त्यांना सगळं सांगितलं, माझ्यासमोर. माझा दंडही दाखवला. मी हात मागे घेतला नाही.

तिकीटवाली: बरं केलंत. नर्सताई काय म्हणाल्या?

लेक: म्हणाल्या, वरून आवाज यायचे, पण विचारायला धीर होत नव्हता. आता आम्हाला आज इथेच राहा म्हणताहेत. दाराला कडी घातलीय त्यांनी.

तिकीटवाली: मग मावशींना द्या ना फोन. त्यांचं तिकीट आहे, त्यांनी हो म्हणायला हवं.

लेक: तिनंच माझ्या हातात दिलाय. म्हणाली, माझं हो आहेच, पण सांगायचं तू. मेसेज लगेच जातो का हो?

तिकीटवाली: लगेच. तुम्हाला हवं तर मी थांबते अजून.

लेक: थांबू नका, ताई. थांबलात तर मी नको म्हणेन.